पानाच्या पाठीवर

चौरंगी आणि धर्मतला जिथे मिळतात, त्या एस्प्लनेडवर दिवसभर धूळ उडत असते. खिडकी बंद ठेवली तरी आत अरेका पामच्या पानांवर तिचा थर बसतोच. इथल्या एका जुन्या इमारतीतल्या कार्यालयात कुंड्या सांभाळायला येणारे मालीदा आल्याआल्या झारीला हात लावत नाहीत. आधी ओल्या फडक्याने पानं पुसतात, वरून आणि खालून. हिवाळ्यात तर हटकून, कारण कोलकात्याची हवा तेव्हा कोरडी होते आणि धुळकट पानांवर लाल कोळी झपाट्याने वाढतो. तो सहजी दिसत नाही. मालीदा पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारतात. पडलेले ठिपके चालू लागले, की निदान पक्कं.

क्रोटनच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं, की ती कुंडी आधी बाकीच्यांपासून दूर जाते. हा पिठ्या ढेकूण, आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांची जुनी डोकेदुखी. त्या कापसात शेकडो अंडी असतात, आणि अंगावरच्या मेणामुळे साधं पाणी त्याला लागत नाही. म्हणून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने एकेक कीड टिपायची. महाकंटाळवाणं काम. बागेत ते क्रिप्टोलीमस भुंगेरा करतो, 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. पण चार कुंड्यांत त्याचं पोट कसं भरणार?

मग फवारणी. लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब आणि 5 मिली कडुनिंबाचं तेल. साबण विसरलात तर तेल वर तरंगतं. वेळ संध्याकाळची, आणि आठवड्याने पुन्हा, कारण मागाहून फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात. निंबाचा गुण सावकाश येतो. तो पिल्लांचं कात टाकणं बिघडवतो. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून तेल दुप्पट करणाऱ्यांची पानंच करपतात. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल, तर आधी त्यांचा बंदोबस्त. किडीच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिची राखण करतात.

मातीवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांसाठी मात्र मालीदा काहीच फवारत नाहीत. कार्यालयातला जो तो बाटलीतलं उरलेलं पाणी मनी प्लांटला घालतो, आणि पावसाळ्यात ती माती वाळतच नाही. अळ्या त्याच ओलीत वाढतात, मुळं कुजतात. मालीदा मातीत पेरभर बोट खुपसतात. ओल लागली, तर झारी पुढच्या कुंडीकडे. शेवटी त्यांनी तो मनी प्लांट उचलून साहेबांच्या केबिनमध्ये खिडकीशी ठेवला. तिथे जाऊन पाणी घालायची कुणाची हिंमत होत नाही.