प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्न

गूगल आले आणि ग्रंथालयातला संदर्भ विभाग संपला, असे म्हणणाऱ्यांनी तो विभाग काय करत असे, ते जवळून पाहिलेले नसते. राजधान्या, जन्मसाले, पिनकोड हे प्रश्न गेले; बरेच झाले. राहिले ते अवघड. ‘पेशवाईवर काही आहे का?’ असे विचारत कुणी येतो. ग्रंथपाल चार उलटे प्रश्न करतो, तेव्हा कळते की त्याला गावच्या इनामाचा कागद हवा आहे. मग कपाटाकडे जाण्यात अर्थ नसतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि मोडी वाचणारा माणूस, असा रस्ता दाखवावा लागतो. वाचकाशी असे बोलावे, हे अमेरिकेतल्या वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी 1876 सालीच मांडले होते. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931च्या पंचसूत्रांतले चौथे सूत्र.

मराठीपुरते बोलायचे तर इंटरनेटने हे काम कमी केले नाही, वाढवले. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने असंख्य जुनी मराठी पुस्तके स्कॅन केली. त्यांच्या प्रती आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, पण शीर्षके रोमन लिपीत आणि स्पेलिंग मनाला येईल तसे. देवनागरीत शोधणाऱ्याला समोर असलेले पुस्तकही सापडत नाही. अशा वेळी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी, नेमके नाव आणि साल घ्यावे, मग रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहावे. मुखपृष्ठावर शके असेल तर 78 मिळवावेत. शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 79. हे कुणी शिकवायचे?

परदेशात या शिकवण्याला ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. पॉल झुर्कोव्स्की यांनी 1974 साली हा शब्द वापरला, अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी 2000 साली त्याची मानके केली. आपल्या विद्यापीठांत मात्र शोधगंगेवर प्रबंध कसा शोधावा, याचे एखादे व्याख्यान झाले की उद्बोधन उरकते. दरम्यान चॅटजीपीटी आले. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये त्याने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दाखल केल्याबद्दल वकिलांना 5000 डॉलर दंड झाला. चॅटजीपीटीने असाच रचलेला, अस्तित्वातच नसलेला लेख मागायला वाचक आला, तर ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर पुरत नाही. तो कुठेच नाही, हे सिद्ध करावे लागते आणि त्यात सकाळ जाते.

महाराष्ट्रात 1967चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, ‘अ’ ते ‘ड’ वर्ग आहेत, अनुदान आहे. ‘ड’ वर्गात बहुधा एकच माणूस कुलूप उघडतो, देवघेव बघतो, वर्तमानपत्रे लावतो. त्याच्याकडून संदर्भसेवेची अपेक्षा धरणे मला क्रूर वाटते. तरी एक गोष्ट त्यालाही जमेल. त्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुले दिवसभर बसलेली असतात आणि त्यांच्या मोबाईलवर शासन निर्णय फिरत असतात. काही खरे, काही कुणी जुळवलेले. शासन निर्णयावर अठरा अंकी संगणक संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून कागद खरा की खोटा, हे पाहायला एक मुलगा शिकला, की शेजारच्या टेबलावर दुपारपर्यंत पोचते.