मेजात बसविलेली दौत : रचना आणि सुधारणा

भगवान आदिनाथांनी मनुष्यमात्रास उपजीविकेची जी सहा कर्मे शिकविली, ती असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही होत, असे आपली परंपरा सांगते. यांपैकी वाणिज्य हे आपले कर्म खरे. परंतु मसीवाचून, म्हणजे शाईवाचून, वाणिज्याचे एक पाऊलही पुढे पडत नाही. माल तोलला, पोती मोजली, रुपये दिले-घेतले, तरी कीर्दीत नोंद झाल्यावाचून व्यवहार पुरा झाला असे कोणी म्हणत नाही. शाईविषयी, लेखणीविषयी आणि वहीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र शाई ज्या पात्रात राहते त्या दौतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्या दौतीचा, त्यातही पेढीवरील मेजात कायम बसविलेल्या दौतीचा, विचार करावयाचा आहे.

दौत मेजात का गेली ?

आपल्या नया बाजारातील जुन्या पेढ्यांवर गादी, तक्क्या आणि पुढे उतरत्या फळीचे बैठे मेज अशी बैठक असे. गादीवर सुटी दौत ठेवली तर ती स्थिर राहत नाही. मुनीमजींनी गुडघा हलविला, गिऱ्हाइकाने नमुन्याची मूठ पुढे केली, की दौत कलंडलीच. उतरत्या फळीवर ठेवावी तर ती घसरते. म्हणून फळीच्या वरच्या अंगास भोक पाडून त्यात दौत बसविण्याची पद्धत पडली. शाळांतील बाकांवरही हीच योजना असे. जुन्या बाकांवर उजव्या हातास ते वाटोळे भोक पुष्कळांनी पाहिले असेल.

दौत स्थिर झाली, परंतु तेवढ्याने सर्व दोष गेले नाहीत. दोष कोणते हे पाहण्यापूर्वी जुन्या लोकांनी या पात्राचा विचार किती बारकाईने केला होता तो पाहणे उचित होईल.

जुनी परंपरा

श्वेतांबर आगमांतील राजप्रश्नीय या उपांगात सूर्याभ देवाच्या विमानातील रत्नमय पुस्तकाचे वर्णन आले आहे. तेथे पुस्तकाबरोबर लेखनसाहित्यही सांगितले आहे : वैडूर्याची दौत, तिला रिष्टरत्नाचे झाकण, तपनीय सुवर्णाची साखळी, आणि वज्राची लेखणी. वर्णन देवलोकीचे आहे, म्हणून द्रव्ये रत्नांची. पण रत्ने बाजूस ठेवली तर उरते काय ? झाकण आणि साखळी. दौत उघडी राहू नये आणि ती हातातून निसटू नये, ही व्यवहारातील गरज ज्याला ठाऊक होती त्यानेच हे वर्णन केले, यात शंका नाही.

आपले ग्वाल्हेर तर हस्तलिखितांचे एक मोठे केंद्रच होते. पंधराव्या शतकात तोमर राजे डूंगरसिंह व कीर्तिसिंह यांच्या कारकीर्दीत गोपाचलावर भव्य जिनप्रतिमा कोरल्या गेल्या, आणि त्याच काळात महाकवी रइधू यांनी येथे राहून अपभ्रंश भाषेत ग्रंथरचना केली. त्या ग्रंथांच्या प्रती लेखकांनी बोरू शाईत बुडवूनच केल्या. महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस दिला असून त्यात बोरू, शाई, कागद आणि अक्षराचे वळण यांविषयी सविस्तर उपदेश केला आहे.

याच परंपरेतील एक साधी युक्ती म्हणजे दौतीत घालावयाचा बोळा. आपल्याकडील हिंदी भाषिक मुनीम त्यास सूफ म्हणत. रेशमाचा किंवा मऊ सुती कापडाचा हा बोळा शाई शोषून धरी. लेखणी त्यावर टेकली की लागेल तेवढीच शाई तिला मिळे, जास्त येत नसे. आणि दौत कलंडली तरी शाई एकदम वाहून जात नसे. एका चिंधीने दोन कामे साधत. पुढे टाक आला, काचेच्या व चिनी मातीच्या दौती आल्या, आणि ही चिंधी विस्मरणात गेली.

शाईचा स्वभाव

दौत कशी असावी हे शाईवर अवलंबून आहे. जुनी शाई काजळाची. पोथ्यांच्या शाईचे एक प्रसिद्ध प्रमाण असे, की काजळाइतकाच बीजाबोळ घ्यावा आणि त्याच्या दुप्पट डिंक घालून दीर्घ काळ घोटावे. ही शाई शेकडो वर्षे फिकट होत नाही. मात्र पाणी लागल्यास पसरते, आणि डिंकामुळे दौतीत लवकर घट्ट होते. दुसरी शाई हिराकस आणि मायफळ अथवा हिरडा यांची. ती कागदात मुरते व पुसता येत नाही, पण आम्लधर्मी असल्यामुळे टाकाचे पोलाद खाते, पितळही खाते, आणि आम्ल अधिक झाल्यास कालांतराने कागदही जाळते. शिवाय हवा लागताच तिचा गाळ बसू लागतो. तिसरी शाई पुडीची अथवा वडीची. १९३१ साली मुंबईत श्री. दि. प. दांडेकर यांनी ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईच्या पुडी व वड्या करण्यास आरंभ केला. पुढे कॅम्लिन या नावाने प्रसिद्धी पावलेला उद्योग तो हाच.

यावरून पहिला नियम निघतो : शाईस लागणारे पात्र काचेचे वा चिनी मातीचेच असावे, पितळेचा उपयोग झाकण, कडे व साखळी यांपुरताच करावा.

चार दोष

मेजातील दौतीचे मुख्य दोष चार.

पहिला, तिरकेपणा. मेजाची फळी सहा इंचांस एक इंच या उताराची असते असे समजा. दीड इंच रुंदीची दौत तशीच उतारावर बसविली, तर शाई एका बाजूस दुसऱ्या बाजूपेक्षा पाव इंच, म्हणजे दोन सूत, वर चढते. दौत भरताना खालच्या कडेने शाई ओघळते, आणि शाई कमी झाली की वरच्या बाजूस टाक कोरडाच वर येतो.

दुसरा, वाळणे. शाई पृष्ठभागावरून वाळते. तोंड दोन इंचांचे असेल तर एक इंचाच्या तोंडाच्या मानाने चौपट पृष्ठभाग उघडा राहतो. वैशाख-ज्येष्ठातील आपल्याकडची लू ज्याने अनुभविली आहे त्यास दुपारपर्यंत शाई दाट का होते हे सांगावयास नको. दाट शाई टाकातून उतरत नाही. मुनीम टाक झटकतो आणि डाग वहीवर पडतो.

तिसरा, खोली. टाकाच्या मध्यभागी जे लहान छिद्र असते, त्याच्या किंचित वरपर्यंतच टाक बुडाला पाहिजे. दौत नुकतीच भरलेली असताना तो दांडीपर्यंत बुडतो, बोटे माखतात, आणि पहिल्याच आकड्यावर थेंब पडतो.

चौथा, सांडणे. दौत मेजात असली तरी बैठे मेज हे एका जागी राहणारे नव्हे. सकाळी झाडलोट करताना ते उचलतात, रात्री भिंतीस लावून ठेवतात. तेव्हा शाई भोकातून खाली जाऊन खणातील हुंड्या, पावत्या आणि नोटा खराब करते.

यांत आणखी एक गोष्ट आपण जैनांनी विसरू नये. डिंक घातलेल्या शाईकडे मुंग्या व माश्या येतात. उघडी दौत म्हणजे त्या जीवांस मृत्यूचा सापळाच. झाकण हे काटकसरीसाठी आहे तसे जीवदयेसाठीही आहे.

एका थेंबाची किंमत

कोणी म्हणेल, एका डागाचे एवढे काय ? आमच्या घरच्या संवत् २०१२ च्या कीर्दीत चण्याच्या पोत्यांचा एक आकडा आहे. त्याच्या आरंभीच शाईचा थेंब पडला असल्यामुळे तो ४८ की १४८ हे कळत नाही. खतावणी शाबूत होती म्हणून उलगडा झाला. ती नसती तर शंभर पोत्यांचा प्रश्न होता. वहीची कायद्यातील किंमतही लक्षात घ्यावी. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी न्यायालयात विचारात घेतल्या जात. मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणे लादता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. नोंद मुळातच एकटी पुरेशी नाही. त्यात ती डागाळलेली असली, तर डाग थेंबाचा की हेतूचा, हा प्रश्न प्रतिपक्षाचा वकील विचारल्यावाचून राहत नाही.

उलट्या बाटलीची युक्ती आणि आपले हवामान

शाईची पातळी सदैव एकच राहावी म्हणून पाश्चात्य कारागिरांनी एक सुंदर युक्ती काढली. पक्ष्यांसाठी पाण्याची बाटली उलटी करून खाली उथळ वाटी ठेवतात, तीच ही रचना. बंद बाटलीतील शाई बाहेरच्या हवेच्या दाबाने तोलून धरलेली असते. वाटीतील शाई कमी झाली की हवेचा एक बुडबुडा वर जातो आणि तेवढी शाई खाली येते. वाटी लहान, म्हणून वाळणे थोडे. पातळी स्थिर, म्हणून टाक योग्य तेवढाच बुडतो.

परंतु ही योजना थंड प्रदेशातील. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे २७ अंश सेल्सिअस आणि दुपारी पत्र्याच्या छपराखाली ४५ अंश उष्णता धरली, तर नुसत्या हवेचे आकारमान शेकडा ६ ने वाढते, आणि शाईतील पाण्याची वाफ त्यात मिळून ही वाढ सुमारे दुप्पट होते. बाटलीत १०० घन सेंटिमीटर हवा असेल तर १२ घन सेंटिमीटर शाई बाहेर ढकलली जाते. एक इंच रुंदीच्या वाटीत तिची पातळी जवळजवळ एक इंचाने चढेल, म्हणजे शाई मेजावर येईल. जी वस्तू एका देशात उत्तम ती दुसऱ्या देशात तशीच उत्तम ठरत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. म्हणून ही रचना येथे न घेणेच बरे.

सुधारलेली दौत

वरील सर्व गोष्टी ध्यानात घेऊन जी रचना योग्य ठरते ती अशी.

१. मेजाच्या वरच्या अंगास चार इंच रुंदीची सपाट पट्टी असावी व दौत तिच्यात, उजव्या हातास, वहीच्या कडेपासून वीतभर दूर बसवावी. उतारावर बसवू नये.

२. भोक पावणेदोन इंचांचे. त्याच्या काठास खाच घ्यावी, म्हणजे काचेच्या वाटीची कड तिच्यात बसून फळीशी समतल होईल आणि वही सरकताना अडणार नाही. वाटी काढून धुता आली पाहिजे.

३. वाटीची खोली दीड इंच. शाई निम्म्याहून थोडी कमीच भरावी. तळाशी रेशमी सूफ घालावा. टाक त्यावर टेकला की आणखी खाली जात नाही.

४. वाटीच्या तोंडात गाळणीसारखी निमुळती काचेची नळी उतरवावी, जिचे खालचे छिद्र अर्ध्या इंचाचे असेल. मेज आडवे झाले तर शाई नळीच्या भोवतीच्या जागेत साचते, छिद्रापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण उलटे झाले तरी ती वरच्या खोबणीतच राहते. मात्र हे निम्म्याहून कमी भरलेल्या दौतीपुरतेच खरे. याच नळीमुळे उघडा पृष्ठभाग कमी होऊन वाळणेही थांबते.

५. झाकण पितळेचे, बिजागरीचे, लिहिणाऱ्याच्या विरुद्ध बाजूस उघडणारे व साखळीने जोडलेले असावे.

६. भोकाखाली पत्र्याची लहान वाटी ठोकावी, म्हणजे चुकून ओघळलेला थेंब खणात जाणार नाही.

तांबडी शाई वापरावयाची असल्यास दुसरी दौत निदान चार बोटे दूर ठेवावी व तिचा टाक निराळा असावा. आठवड्यातून एकदा दोन्ही दौती धुवाव्यात. जुन्या शाईवर नवी ओतल्यास गाळ वाढतो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून दोन-चार लवंगा टाकण्याची घरगुती रीत चांगली आहे.

साधारण सुताराला आणि काचेची भांडी विकणाऱ्याला यात न समजण्यासारखे काही नाही. सूफ, झाकण आणि साखळी तर आपल्या पूर्वजांचीच आहेत. सपाट पट्टी व निमुळती नळी एवढेच काय ते नवे.

आज तिचा उपयोग काय ?

फाउंटन पेन आले, मागून बॉलपेन आले, आणि आता बहुतेक पेढ्यांचे हिशेब संगणकावर होतात. ते योग्यच आहे. तथापि दीपावलीस वहीपूजनाच्या वेळी दौत-लेखणी आपण पाटावर ठेवतोच. ज्ञानपंचमीस व श्रुतपंचमीस शास्त्रग्रंथांची पूजा करतो. आपले कायस्थ शेजारी यमद्वितीयेस चित्रगुप्ताबरोबर दौतीचे पूजन करतात. पूजेतील दौत पुष्कळदा रिकामी, वाळलेली, कधी फुटकीही असते. वर्षातून एक दिवस जिची पूजा करावयाची ती तरी नीट असावी.

सभासद बंधूंना दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या माळ्यावर जुनी बैठी मेजे पडली असतील त्यांनी ती मोडीत काढू नयेत. भोकात काचेची वाटी बसवून, काजळाची शाई भरून, पाडव्याच्या पहिल्या नोंदीसाठी ती वापरावीत व काम होताच वाटी धुवून ठेवावी. आणि त्या पहिल्या नोंदीच्या वेळी घरातील मुलामुलींच्या हाती टाक द्यावा. शाई किती घ्यावी, हात किती हलका ठेवावा आणि आकडा एकदाच पण स्पष्ट कसा लिहावा, हे त्यांना चार ओळींतच कळू लागेल. दौत करून घेण्यास कोणास मापे हवी असल्यास ती वर दिलीच आहेत; त्याहून चांगली रचना कोणास सुचल्यास त्यांनी ती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अवश्य प्रसिद्ध करावी.