भुईकोटातलं अंतराळयान

पारोळ्याचा किल्ला भुईकोट. जहागीरदार हरि सदाशिव दामोदरांनी तो १७२७ साली बांधला. आमच्या लेखी मात्र त्याचा एक पडका बुरूज म्हणजे अंतराळयान होतं आणि भोवतीचा खंदक म्हणजे अंतराळ. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. गल्लीत टीव्ही एकच. एक जण धाब्यावर अँटेना धरून उभा, खालून ओरडा : “मुंग्या! अजून फिरव!” इंग्रजी कुणालाच कळत नसे, पण दुपारी खेळ रंगायचा. एका मित्राचे कान मुळातच टोकदार, त्यामुळे स्पॉक कोण यावर कधी भांडण झालं नाही. परग्रहवाले येणार म्हणून आम्ही बुरुजावर दगड रचून ठेवत असू. आजी म्हणायची, “आठे कसाले येतीन त्या? आठे तं पेवाले पानी बी नही.”

पुढे ‘जायंट रोबोट’ आलं, ‘स्पेस सिटी सिग्मा’ आलं. १९९८ साली केतन मेहतांचं ‘कॅप्टन व्योम’ आलं, तोवर आम्ही नोकरीच्या अर्जांत गुंतलो होतो.

या सगळ्यात मराठी पुस्तकांनी आमची निराशा केली, असं तेव्हा वाटे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आपलीच आद्याक्षरं उलटी करून! पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. पण वाचनालयातून नारळीकर आणावेत, तर परग्रहांशी लढणारं आरमार कुठंच नाही. कान्होजी आंग्र्यांच्या भाषेत अंतराळातलं आरमार नसावं, हे काही पटत नव्हतं.

कारण आता उमगतं. लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ होता. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा ताराही सव्वाचार प्रकाशवर्षांवर. आरमार पोचेपर्यंत भांडणाचं कारणच विसरलं जायचं. त्यापेक्षा रेडिओ लहरी स्वस्त. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी उभ्या राहिल्या, त्याही ऐकायलाच.

पृथ्वी वाचवण्याची गोष्ट त्यांनी लिहिली, ती ‘धूमकेतू’. हौशी निरीक्षक दत्तदांना सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. अण्वस्त्रं लादलेलं यान पाठवून त्याची वाट वळवली जाते. इकडे घरी बायकोनं यज्ञ मांडलेला. संकट टळतं, आणि श्रेय यज्ञाला जातं. बुरुजावरच्या आमच्या सगळ्या लढायांपेक्षा ही एक गोष्ट जास्त लागली.

आजीला ती मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली. शेवटचा टोला तिला कळावा म्हणून जरा थांबलोही. ती वाती वळत होती.

“मंग?” ती म्हणाली, “यज्ञ कया म्हनीसन टळना ना तो!”