ध्वनिक्षेपकाची जागा

आमच्या मातोश्री भाजणी दळतांना जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्यांची एक जुनी ध्वनिफीत घरीं आहे. गेल्या वर्षीं पुतण्यानें ती संगणकावर उतरवून घेतली आणि माजघरांतल्या नव्या ध्वनिक्षेपकावर लावली. आवाज भरपूर आला, पण वहिनी म्हणाल्या, "हें तर जातेंच गातें आहे, सासूबाईंचा एक शब्द कळेल तर शपथ!" दुकानदाराचा सल्ला पडला कीं, याहून मोठी पेटी घ्यावी. पैसे मोजण्यापूर्वीं मीं या विषयावरचीं चार पुस्तकें चाळलीं, आणि दोष पेटीचा नसून तिच्या जागेचा आहे असें ध्यानांत आलें.

चुंबकाजवळ तारेचें वेटोळें हलतें, त्यास जोडलेला शंकु हवा ढकलतो. राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ साली सिद्ध केलेली ही रचना आजही बहुतेक पेट्यांत आहे. पण हा शंकु सर्व स्वर सारखे फेंकीत नाहीं. उंच स्वर विजेरीच्या झोताप्रमाणें समोर जातात. खर्जाचे स्वर चहूंकडे पसरतात, कारण त्यांची लहर पेटीहून कितीतरी मोठी असते. सेकंदास ४० कंपनें असलेल्या स्वराची लहर सुमारें २८ फूट लांब! आमचें माजघर १४ फूट लांब. म्हणजे ती लहर भिंतींमध्यें बरोबर अर्धी बसते, आणि जातां-येतां स्वतःवरच चढून उभी राहते. भिंतींशीं तिचा जोर सर्वांत अधिक, मध्यभागीं जवळजवळ शून्य. ८० आणि १२० कंपनांचीही तीच गत, फक्त जोराच्या जागा निराळ्या. पेटी कोपऱ्यांत ठेवली कीं या सर्व लहरी एकदम चेतवल्या जातात. आमची पेटी, वाटेंत नको म्हणून, नेमकी कोपऱ्यांत. आणि माझी आरामखुर्ची समोरच्या भिंतीला टेकलेली. मग जात्याची घरघर चढली आणि तिच्याखालीं व्यंजनें बुडालीं, यांत नवल तें काय?

कोपरा मुळांतच वाईट असें मात्र नव्हे. पॉल क्लिप्श यानें १९४६ च्या सुमारास जी पेटी काढली, ती कोपऱ्यासाठींच. तेथें दोन भिंती कर्ण्याचाच पुढचा भाग होतात. आपली साधी पेटी त्या जातीची नाहीं, एवढेंच.

प्रथम आम्हीं सतरंजी अंथरली, गाद्या उभ्या केल्या. गाद्यांचा हा उपाय शास्त्रसंमत आहे. हार्वर्ड येथें १८९५ पासून वॉलेस सेबाइन यानें एका व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. तेथें उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. शेजारच्या नाट्यगृहांतल्या गाद्या आणून त्यानें हा निनाद मोजून कमी केला, आणि पुढें शोषणाचें माप म्हणून उघडी खिडकी धरली. तिच्यांतून गेलेला ध्वनि परत येत नाहीं. आमच्याकडेही खणखणाट कमी झाला. घरघर तशीच राहिली. पातळ सतरंजीला २८ फुटांच्या लहरीची दादही नसते.

शेवटीं पुतण्यानें एक गमतीची युक्ति केली. ध्वनीच्या बाबतींत बोलणारा व ऐकणारा यांनीं जागा बदलल्या तरी परिणाम तोच राहतो. म्हणून पेटी माझ्या खुर्चीवर बसविली, आणि "काका, आतां तुम्ही भिंतीकडेनें वांकून चालत ऐका," असें मला सांगितलें. मीं दोन फेऱ्या घातल्या. जेथें घरघर समतोल वाटली तेथें खडूनें खूण केली: मागच्या भिंतीपासून ३ फूट, बाजूच्या भिंतीपासून २. दोन्ही अंतरें सारखीं ठेवूं नयेत, नाहींतर दोन्ही भिंतींचा उपद्रव एकाच स्वरावर पडतो. खुर्चीही भिंतीपासून हात-दीड हात पुढें घेतली.

फीत पुन्हां लावली. जातें मागें गेलें. तिसऱ्या ओवींत थोरल्या दादाचें नांव होतें. तें आजवर आम्हां कोणास ऐकूं आलें नव्हतें. पेटी आतां स्वयंपाकघराच्या वाटेंत येते. केर काढतांना ती रोज हलते, आणि रोज मला खडूच्या खुणेवर परत ठेवावी लागते.