पाठीचा पुरावा

निजामाच्या अमदानीत जेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती त्या हिंगोलीच्या मुलखात आजही जत्राजत्रांतून कुस्त्यांचे फड लागतात, आणि हलगीच्या कडकडाटात दोन मल्ल एकमेकांत गुंतून मातीवर कोसळले की पंचाच्या आधी कडेला बसलेले वस्तादच ‘झाली!’ म्हणून मोकळे होतात. तक्रार निघालीच, तर पडलेल्या गड्याची पाठ न्याहाळायची हा जुना रिवाज. अर्थात या पुराव्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. कारण पाव घटका झुंजलेल्या मल्लाच्या अंगावर माती नसेल अशी जागाच कोणती उरते?

गादीवर तेवढाही पुरावा मागे राहत नाही, आणि म्हणूनच तेथे कॅमेऱ्याला मुन्सफाचा दर्जा मिळाला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आत एक पंच, कडेला दुसरा आणि टेबलाशी मॅट चेअरमन अशा तिघांवर कारभार चालतो; चितपटीसाठी दोन्ही खांदे गादीला एकाच वेळी टेकलेले असावे लागतात, आणि आतल्या पंचाला एकट्याच्या भरवशावर कुस्ती संपवता येत नाही, उरलेल्या दोघांपैकी एकाची संमती लागते. एखाद्या डावाचे गुण अमान्य असतील तर प्रशिक्षक मऊ स्पंजचा तुकडा गादीवर भिरकावतो, आणि चित्रफीत मागे फिरवली जाते. हे अपील फुकटचे नाही: ते फेटाळले गेले तर प्रतिस्पर्ध्याच्या पदरात एक गुण पडतो आणि त्या लढतीतला पुढचा अर्जही बाद होतो. मला यातील सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते ते असे, की गुरूने मागितलेली दाद खुद्द मल्लाला नाकारता येते. पाठ कुठे टेकली हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

क्रिकेटमध्ये चित्रफितीला निवाड्यात स्थान मिळाले त्याचा पहिला बळी मराठीच होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत धावबाद झालेला सचिन तेंडुलकर हा तिसऱ्या पंचाने पडद्यावर पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बिग टेन या विद्यापीठ-मंडळाने २००४ साली हा प्रयोग केला, आणि तेथे एक बारकावा पाळतात तो आपल्या अदालतींना परिचित आहे: मैदानावरचा हुकूम प्रथमदर्शनी खरा मानायचा, निर्विवाद दृश्य पुरावा असेल तरच तो फिरवायचा, आणि चित्राने हुकुमाला दुजोरा मिळाला की केवळ विरुद्ध पुरावा न मिळाल्याने तो कायम राहिला, हे वेगवेगळ्या शब्दांत जाहीर करायचे.

हा भेद आपल्याकडे जाहीरपणे बोलला जात नाही, याची किंमत २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला मोजावी लागली. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निकाल पंचांनी दिला; दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण दाखवा, असा राक्षे यांचा आग्रह होता. प्रकरण हातघाईवर गेले आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. हातघाईचे समर्थन होत नाही. पण चित्र पाहण्याची मागणी मात्र रास्तच म्हणावी लागेल, मग त्यातून खांद्याऐवजी वरच्या मल्लाची पाठच दिसो.

जत्रेतल्या पंचाकडे याहून सोपी तोड असते. निवाडा अवघड दिसला की तो दोघांचेही हात धरून वर करतो, कुस्ती बरोबरीत सोडवतो आणि इनाम निम्मे-निम्मे वाटून पुढची जोड पुकारतो.