उभारणी एकदाच, निगा रोजची : नगरांच्या पर्यावरणाचे व्यवस्थापन

सप्टेंबर १९९४ मध्ये सूरत शहरात प्लेगची साथ आल्याची वार्ता पसरली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने ओस पडले, कापडाचे माग थांबले, रेल्वे स्थानकावर माणसांची रीघ लागली. देशातील एक अत्यंत संपन्न व्यापारी शहर तुंबलेली गटारे आणि न उचललेला कचरा यांच्यापुढे हतबल झाले होते. शहराची समृद्धी बाजारपेठेइतकीच रोज सकाळी होणाऱ्या सफाईवरही अवलंबून असते, हा धडा त्या साथीने संपूर्ण देशाला दिला.

पर्यावरण म्हटले की सामान्यतः वने, वन्यजीव किंवा हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय परिषदा डोळ्यांसमोर येतात. तथापि नागरिकाचा पर्यावरणाशी येणारा दैनंदिन संबंध हा नळाचे पाणी, दारावरचा कचरा, सांडपाणी आणि श्वासातील हवा यांच्याद्वारे येतो. आणि या बहुतेक बाबींचे व्यवस्थापन स्थानिक स्वराज्य संस्थांकडेच असते.

कायद्याने सोपवलेली जबाबदारी

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महानगरपालिका यांना घटनात्मक स्थान दिले. या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोगे १८ विषय नमूद आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन, पाणीपुरवठा, नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे त्यांपैकीच होत. सन २००० मध्ये नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम लागू झाले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत कचरा वेगळा करून देण्याचे कर्तव्य कचरा निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे प्रत्येक कुटुंबावर व आस्थापनेवर टाकले. २०२६ च्या नियमांनी हे वर्गीकरण ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकारांचे केले.

कायदा झाला, अनुदानही आले, म्हणजे काम झाले असे मात्र नाही. प्रकल्पाच्या उद्घाटनाचा दिवस एकच असतो. तो चालवण्याचे दिवस वर्षाला ३६५ असतात. पर्यावरणविषयक उपक्रमांचे यशापयश याच ठिकाणी ठरते.

सूरतचा पालट

साथीनंतर १९९५ मध्ये एस. आर. राव यांनी सूरत महापालिकेच्या आयुक्तपदाची सूत्रे घेतली. त्यांनी केलेले बदल यंत्रसामग्रीपेक्षा कार्यपद्धतीचे अधिक होते. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला निर्णयाचे व खर्चाचे व्यापक अधिकार देण्यात आले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता आपापल्या भागात फिरावे आणि नंतर एकत्र बसून दिवसाच्या कामाचा आढावा घ्यावा, असा दंडक घातला गेला. कचरा कोणी उचलला नाही, हे कोणत्या अधिकाऱ्याला विचारायचे, हे निश्चित झाले. काही वर्षांतच सूरतची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली.

बँकेच्या कारभाराशी परिचित असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. दिवसाअखेर रोकड जुळवल्याशिवाय शाखेचा दिवस संपत नाही. सूरतने हीच शिस्त रस्त्यावर आणली.

पुढे याच शहराने सांडपाण्याकडेही उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले. बमरोली येथील दररोज ४ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पात सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून ते पांडेसरा येथील कापड उद्योगांना विकण्यास २०१४ मध्ये प्रारंभ झाला. उद्योगांना पाणी मिळाले, नागरिकांच्या वाट्याचे गोडे पाणी वाचले आणि पालिकेच्या तिजोरीत भर पडली.

वर्गीकरण : घराच्या उंबरठ्यावर

घनकचऱ्याच्या व्यवस्थापनातील सर्वांत निर्णायक क्षण स्वयंपाकघरात येतो. भाजीची देठे, उरलेले अन्न, प्लॅस्टिक आणि फुटलेली काच एकाच डब्यात पडली की त्यांचे पुढे काहीच करता येत नाही. ओल्या कचऱ्याचे खत होत नाही, कारण त्यात काच असते. सुका कचरा विकला जात नाही, कारण तो खरकट्याने माखलेला असतो. मग हा सारा ऐवज कचरा डेपोवर जातो. तेथे ढिगाच्या पोटात, हवेवाचून कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार येथे आणि मार्च २०२३ मध्ये कोचीच्या ब्रह्मपुरम येथे कचऱ्याला लागलेल्या आगींनी अनेक दिवस परिसराचा श्वास कोंडला होता.

वर्गीकरण प्रत्यक्षात आणण्याचे दोन भिन्न मार्ग पुणे आणि इंदूर या शहरांनी दाखवले. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ पासून कार्यरत होती. तिच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये करार केला. सदस्य असलेले कचरावेचक घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात, त्यासाठी कुटुंबांकडून मासिक शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्नही त्यांनाच मिळते. पूर्वी ढिगाऱ्यावर उकिरडा उपसणाऱ्या, बहुतांशी स्त्रिया असलेल्या या कष्टकऱ्यांना ओळखपत्र आणि प्रतिष्ठा लाभली. कचरा वेगळा राहण्यात त्यांचा स्वतःचाच लाभ असल्याने वर्गीकरणाची देखरेखही आपोआप होते.

इंदूरने महापालिकेच्या वाहनांवर भिस्त ठेवली. वेगवेगळे कप्पे असलेल्या घंटागाड्या ठरलेल्या वेळी दारी येऊ लागल्या आणि रस्त्यांवरील कचराकुंड्या हटवल्या गेल्या. देवगुराडिया येथील वर्षानुवर्षे साचलेला कचरा चाळून, वेगळा करून ती जमीन मोकळी करण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून जैव सीएनजी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. हा प्रकल्प शक्य झाला तो यंत्रांमुळे जितका, तितकाच लक्षावधी घरांनी कचरा वेगळा देण्याची सवय लावून घेतल्यामुळे. तेच यंत्र वर्गीकरण नसलेल्या शहरात नेऊन ठेवले, तर अल्पावधीत बंद पडेल.

पैशाची बाजू

पर्यावरण प्रकल्पाच्या खर्चाचे दोन भाग असतात. जमीन, इमारत, यंत्रे यांचा भांडवली खर्च एकदा होतो. इंधन, वीज, रसायने, दुरुस्ती आणि कामगारांचे वेतन हा महसुली खर्च मात्र दरमहा उभा राहतो. भांडवली खर्चासाठी केंद्र व राज्य शासनांची अनुदाने मिळू शकतात. महसुली खर्च प्रामुख्याने पालिकेलाच मालमत्ता कर, पाणीपट्टी व सेवाशुल्क यांतून भागवावा लागतो. ही तरतूद न करता उभारलेले सांडपाणी शुद्धीकरण केंद्र म्हणजे हप्त्याचा विचार न करता घेतलेले वाहनच होय. वाहन दाराशी उभे राहते, पण इंधनाला पैसे नसतात.

जमाखर्चाची पद्धतही येथे महत्त्वाची ठरते. केवळ रोख जमा आणि रोख खर्च लिहिणाऱ्या जुन्या पद्धतीत यंत्राचा घसारा आणि येऊ घातलेले दायित्व दिसत नाही. २००४ च्या राष्ट्रीय महापालिका लेखा पुस्तिकेने द्विनोंदी व उपार्जित पद्धतीचा आराखडा दिला, तो याच उणिवेवर उपाय म्हणून. एक टन कचरा उचलून त्यावर प्रक्रिया करण्यास नेमका किती खर्च येतो, हे ज्या पालिकेला सांगता येते, तीच योग्य शुल्क ठरवू शकते.

हरित रोखे

हिशेब चोख असलेल्या संस्थेला भांडवल बाजाराची दारेही उघडतात. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे काढून हा मार्ग दाखवला. २०२१ मध्ये गाझियाबाद महापालिकेने सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना पुरवण्याच्या प्रकल्पासाठी १५० कोटी रुपयांचे हरित रोखे विक्रीस काढले. देशातील नागरी संस्थेचे ते पहिले हरित रोखे होते. हरित रोखे म्हणजे ज्यांची रक्कम केवळ पर्यावरणपूरक कामासाठीच वापरण्याचे बंधन असते, असे कर्जरोखे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने सर्वसामान्य गुंतवणूकदारांनाही खुले असलेले २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे आणले. त्यावर वार्षिक ८.२५ टक्के व्याज होते आणि मुद्दल ३, ५, ७ व ९ वर्षांनी परत करण्याची योजना होती. इंदूरला नर्मदेचे पाणी दुरून व उंचावर चढवून आणावे लागते; त्या पंपांच्या विजेचा भार हा पालिकेच्या डोईवरचा मोठा खर्च. तो हलका करण्यासाठी जलूद येथे ६० मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारणे हा या रोख्यांचा हेतू होता. वाचलेल्या विजेतून कर्ज फिटावे, हे त्यामागील गणित. अशा रोख्यांत पालिकेच्या कराचे ठरावीक उत्पन्न स्वतंत्र एस्क्रो खात्यात जमा करून त्यातून आधी व्याज व मुद्दल चुकते करण्याची व्यवस्था केली जाते. म्हणजेच गुंतवणूकदाराचा विश्वास अखेर नागरिकांच्या करभरण्यावर उभा असतो.

न दिसणारे काम

गौरवाबरोबर सावधगिरीचा धडाही इंदूरनेच दिला. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिलेल्या या शहराच्या भागीरथपुरा भागात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून साथ पसरली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. झाडलेला रस्ता सर्वांना दिसतो. जमिनीखालची जलवाहिनी कोणालाच दिसत नाही. गळतीचा शोध, पाण्याच्या नमुन्यांची नियमित तपासणी, नागरिकांच्या तक्रारीची तत्काळ दखल, ही कामे कोणत्याही छायाचित्रात येत नाहीत. ती होत आहेत तोवर त्यांची वार्ता होत नाही. ती थांबली की मात्र माणसे दगावतात.

हिशेब मागणारा नागरिक

महाराष्ट्रात महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवणे आवश्यक आहे. हवा, पाणी, कचरा, ध्वनी यांचा हा वार्षिक ताळेबंदच होय. बँकेचा ग्राहक आपले पासबुक जितक्या काळजीने पाहतो, तितक्याच काळजीने हा अहवाल वाचून गेल्या वर्षीच्या आकड्यांशी त्याची तुलना करू लागला, तर प्रशासनावर त्याचा हितकारक परिणाम झाल्यावाचून राहणार नाही.

अर्थात, हिशेब मागण्याचा अधिकार आपल्या वाट्याचे काम करणाऱ्यालाच शोभतो. वेळेवर भरलेला मालमत्ता कर, वेगळा ठेवलेला ओला व सुका कचरा, गढूळ पाणी येताच नोंदवलेली तक्रार, या तीन साध्या गोष्टींवाचून कोणताही पर्यावरण प्रकल्प फार काळ चालत नाही. सूरत पालटले, त्यामागे कोणतेही अद्भुत तंत्र नव्हते. ठरलेले काम ठरलेल्या वेळी रोज होऊ लागले, एवढेच घडले. बचत जशी थेंबाथेंबाने साठते, तसे शहराचे आरोग्यही दररोजच्या निगेतूनच साठत जाते.