चवदार तळ्याचा दावा

न्यायालयाची पायरी चढावयास पैसा लागतो, कागदपत्रे लागतात आणि साक्षीदार लागतात. ज्या समाजाजवळ पिढ्यान्‌पिढ्या यांपैकी काहीच नव्हते, त्याला कायदा हे बलवंतांचेच शस्त्र वाटावे, यात नवल नाही. हेच शस्त्र दुबळ्यांच्या हाती देण्याचे कार्य ज्या वकिलांनी केले, त्यांत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव अग्रभागी आहे. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या वकिलीची कहाणी मात्र तितकीशी परिचित नाही.

इंदूरजवळील महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले. परंतु १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा त्या नगरीत त्यांना राहावयास जागा मिळेना. परदेशची विद्यापीठे ज्याला मान देतात, त्याला स्वदेशात डोक्यावर छप्पर मिळत नाही, हा अनुभव त्यांनी तेथे घेतला. पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. अस्पृश्य वकिलाकडे काम सोपविण्यास कोणी सहसा धजत नसे. त्यामुळे चरितार्थासाठी त्यांना व्यापारी कायद्याचे वर्गही घ्यावे लागले. तरीही गोरगरिबांच्या गाऱ्हाण्यांना परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीचे दार उघडे असे.

त्यांच्या कायदेपांडित्याची खरी कसोटी लागली ती महाडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेतला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. परंतु कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात कोणी बजावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तो जवळ येताच काही सवर्ण रहिवाशांनी १२ डिसेंबर रोजी महाडच्या न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेला जमलेले हजारो लोक तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. पुढाऱ्याने ‘चला’ म्हणावे, एवढाच अवकाश होता. परंतु वाद न्यायालयात गेला आहे, तेथेच तो लढला पाहिजे, असा निर्णय आंबेडकरांनी लोकांच्या गळी उतरविला. मिरवणूक तळ्याभोवती फिरून पाण्याला स्पर्श न करता परतली. तहानलेल्या माणसांना पाण्याच्या काठावरून परत फिरविणे हे सत्याग्रहाहूनही कठीण काम होते. कायद्याने आपणांस न्याय मिळेल, असा शब्दच जणू त्या दिवशी त्यांनी आपल्या लोकांना दिला होता. तो खरा करून दाखविण्याची जबाबदारी आता त्यांच्या शिरावर होती.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला; दावा मात्र चालूच राहिला. वादाचा गाभा होता वहिवाटीचा. अनादिकालापासून अस्पृश्यांना या तळ्यावर मज्जाव आहे आणि ही रूढी कायद्याने मानली पाहिजे, असे वादींचे म्हणणे होते. येथेच कायद्यातील एक सूक्ष्म भेद निर्णायक ठरला. एखादा मनुष्य एका ठिकाणी कधी गेला नाही, एवढ्यावरून त्याला तेथे जाण्याची बंदी होती असे सिद्ध होत नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे होती. अस्पृश्यांची वस्ती दूर होती. ते तेथे पाण्यास येत नसत, याचे कारण त्यांना तेथे येण्याचा प्रसंगच पडत नसे, हेही असू शकते. शिवाय देवालयाचा गाभारा निराळा आणि चोहोबाजूंनी मोकळे असलेले, पावसाच्या पाण्याने भरणारे तळे निराळे. रूढीचा आधार घेणाऱ्याने तिची प्राचीनता सिद्ध केली पाहिजे; ती वादींना सिद्ध करता आली नाही.

महाडच्या न्यायालयात १९३१ साली वादी हरले, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात १९३३ साली हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी होण्यास तेव्हा तीनच दिवस उरले होते.

एका निकालाने मने बदलत नाहीत, हे आंबेडकर जाणून होते. शिवाय हा जय पुराव्याच्या उणिवेवर मिळालेला होता. दुसऱ्या गावी, दुसऱ्या तळ्यावर कोणी जुनी रूढी सिद्ध केली असती तर? ती शंका २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने निकालात काढली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या अनुच्छेदात दुकाने व उपाहारगृहे यांच्यासह विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नामनिर्देश आहे. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते चवदार तळ्याच्या दाव्यातील प्रतिवादी. जे पाणी एका गावात दहा वर्षे झगडून मिळाले, ते मागण्यासाठी देशातील कोणाही माणसाला पुन्हा वहिवाटीचा पुरावा शोधावा लागू नये, अशी तरतूद आता झाली होती.